हप्त्याची योजना नाकारली गेली तर

कर्ज थकल्यावर परवडेल अशा हप्त्यांची योजना पाठवावी, तर कर्ज देणाऱ्या संस्थेकडून 'आपला प्रस्ताव मान्य करता येत नाही' असं पत्र येतं आणि बरीच माणसं तिथेच हात टेकतात. भरणं थांबवतात, फोन उचलत नाहीत. म्हणून सगळ्यात आधी हे सांगतो: त्यांनी योजना नाकारलेली असते, पैसे नाकारलेले नसतात. परवडेल तेवढी रक्कम दर महिन्याला खात्यात भरायला सहसा कुणाची संमती लागत नाही. त्यामुळे दंडव्याज किंवा वसुली थांबेलच असं नाही. पण प्रकरण न्यायालयात गेलं, तर नियमित भरल्याच्या पावत्या तुमच्या कामी येतात.

नकार का आला, ते लेखी मागा. फोनवर बोलणाऱ्या वसुली कर्मचाऱ्याला ठरावीक मर्यादेपलीकडे काही मान्य करायचा अधिकार बहुधा नसतोच. तो नाही म्हणाला म्हणजे संस्था नाही म्हणाली असं धरू नका. तक्रार विभागाकडे अर्ज करा, पोच घ्या. तिथेही दाद लागली नाही आणि तुमच्याकडे वित्तसंस्थांवरचा लोकपाल, म्हणजे त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी असेल, तर पुढची पायरी ती. लोकपाल योजना मान्य करायला लावेलच असं नाही, पण चुकीची आकारणी, दमदाटी, अर्जाला उत्तरच न देणं यांची दखल तिथे घेतली जाते.

पुष्कळदा दोष प्रस्तावातच असतो. जमाखर्चाच्या तक्त्यात विमा, फी, दुरुस्ती असे वर्षातून एकदाच येणारे खर्च बारा भाग करून धरलेले नसतात. मग कागदावर शिल्लक जास्त दिसते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हप्ता चुकतो. दुसरा दोष म्हणजे अनेक संस्थांची कर्जं असताना एकाला जास्त, दुसऱ्याला कमी. ज्याला कमी मिळतं तो नाकारणारच.

वाटणी थकबाकीच्या प्रमाणात करा. समजा तीन विनातारण कर्जं आहेत, ३,००,०००, १,५०,००० आणि ५०,००० अशी. एकूण ५,००,०००. गरजेचे खर्च भागवून महिन्याला ६,००० उरतात. मग वाटे होतात ३,६००, १,८०० आणि ६००. हा तक्ता तिघांनाही पाठवा, म्हणजे कुणाला झुकतं माप नाही हे त्यांना दिसेल.

आता पहिल्या कर्जाकडे जरा बारकाईने बघू. व्याज महिन्याला दीड टक्का असेल तर महिन्याचं व्याजच ४,५०० होतं. तुम्ही भरता ३,६००. म्हणजे नेमाने भरूनही पहिल्याच महिन्यात कर्ज ९०० ने वाढलं, आणि पुढे त्या ९०० वरही व्याज. म्हणून नुसता 'हप्ता कमी करा' हा अर्ज अपुरा आहे. 'व्याज आणि दंड गोठवा' ही मागणी त्याहून महत्त्वाची. व्याज गोठलं तर हेच कर्ज ८४ महिन्यांत फिटतं. सात वर्षं ऐकून समोरचा बिचकतो, हेही नकाराचं एक कारण आहे. तेव्हा दर सहा महिन्यांनी उत्पन्नाचा नवा तक्ता देईन आणि वाढ झाली तर हप्ता वाढवीन, असं अर्जात स्वतःहून लिहा.

ही वाटणी फक्त विनातारण कर्जांची. घराचं भाडं किंवा गृहकर्ज, वीज, औषधं, कर यांचे पैसे त्याआधी बाजूला काढायचे. जो जास्त फोन करतो त्याला आधी पैसे द्यायचे, ही फार महागात पडणारी चूक आहे. क्रेडिट कार्डाचे दहा फोन येतील, पण हप्ते थकल्यावर घर जातं ते तारण कर्जामुळे. आणखी एक खबरदारी: पगार ज्या बँकेत जमा होतो तिचंच कर्ज थकलं असेल, तर करारातल्या कलमाच्या आधारे बँक खात्यातून परस्पर रक्कम वळती करू शकते. पगार दुसऱ्या बँकेत घ्या.

एका ठिकाणी मात्र 'भरत राहा' हा सल्ला लागू नाही. कर्ज खूप जुनं असेल आणि बरीच वर्षं काहीच भरलेलं नसेल, तर दाव्याची मुदत, म्हणजे वसुलीसाठी न्यायालयात जाण्याची कायद्यातली कालमर्यादा, संपलेली किंवा संपत आलेली असू शकते. अनेक देशांच्या कायद्यात मुदत संपण्याआधी लेखी कबुली दिली किंवा थोडीशी रक्कम भरली तरी ती नव्याने मोजली जाते. अशा कर्जावर सही करण्याआधी किंवा काहीही भरण्याआधी वकिलाला कागद दाखवा.

समन्स आलं तर हजर राहा. गैरहजर राहिलात तर एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे तुमची बाजू न ऐकता निकाल होऊ शकतो आणि चुकीची रक्कमही कायम होऊन बसते. हजर राहून रकमेचा हिशेब मागा आणि तोच जमाखर्चाचा तक्ता देऊन हप्ते बांधून मागा. संस्थेने नाकारलेला हप्ता न्यायालय मंजूर करू शकतं.

एकरकमी तडजोडीचा विचार हातात रक्कम असेल तरच करा. 'उर्वरित येणे माफ' हे शब्द पत्रात आल्याशिवाय पैसे देऊ नका; नाहीतर उरलेली बाकी दुसऱ्या वसुली कंपनीला विकली जाऊ शकते आणि फोन पुन्हा सुरू होतात. जुनी कर्जं फेडायला घर तारण ठेवून नवं कर्ज घेण्याच्या मी विरोधात आहे. त्यात विनातारण कर्जाचा धोका थेट घरावर येतो.

नादारीचा अर्ज, म्हणजे देणी फेडता येत नाहीत असं कायद्याने जाहीर करून घेणं, हा शेवटचा मार्ग, पण त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. कायद्याने तो दिला आहे तो यासाठीच. मालमत्तेतलं काय सुटतं आणि काय जातं, हे अर्जाआधी नीट विचारून घ्या. पोटगी, न्यायालयाने केलेला दंड अशी काही देणी बहुतेक ठिकाणी नादारीनंतरही माफ होत नाहीत. आणि तुमची सुटका झाली तरी जामीनदाराची होत नाही. संस्था उरलेली रक्कम त्याच्याकडे मागते. त्याला हे अर्ज करण्याआधी सांगा, म्हणजे त्यालाही स्वतःची तजवीज करता येईल.