एफ ६.३ चा उजेड

मंडळी, स्वस्तातली सुपरझूम, म्हणजे जवळचं-लांबचं सगळं टिपणारी एकच लेन्स, म्हटलं की प्रश्न ठरलेला असतो: १८-२०० घ्यावी, १८-३०० घ्यावी, की थोडे पैसे जमवून थेट १८-४००? सगळ्यांची नजर मिलिमीटरवर, म्हणजे किती लांबचं जवळ दिसेल त्यावर. त्याच आकड्यांच्या शेजारी बारीक अक्षरांत ३.५-६.३ असंही छापलेलं असतं. हा एफ आकडा, १८ च्या टोकाला ३.५, लांबच्या टोकाला ६.३; मिलिमीटरला त्यानं भागलं की उजेड आत यायच्या भोकाची, म्हणजे ॲपर्चरची, रुंदी मिळते. मी आज बोलणार आहे ते त्या ६.३ बद्दल.

एकाच लेन्समध्ये सगळं हवं ही हौस जुनी. टॅमरॉनने १९९२ साली २८-२०० आणली, तेव्हा दोन मीटरच्या आतलं काही तिला फोकस करता येत नव्हतं. २०१७ मध्ये त्याच कंपनीची १८-४०० आली, बावीस पट झूमची. प्रगती झालीच, पण उजेडाचं गणित बदललं नाही. २०० मिलिमीटरला एफ ६.३ म्हणजे उजेड आत यायला जेमतेम ३२ मिलिमीटरचं भोक. एफ २.८ च्या महागड्या लेन्सला तेच भोक ७१ मिलिमीटरचं, म्हणजे उजेड पाचपट. मोठ्या भोकाला मोठ्या काचा लागतात, त्या जड आणि महाग. स्वस्त लेन्स पैसे वाचवते ते तिथंच. यात फसवणूक काही नाही, पण गिऱ्हाइकाला हे माहीत हवं.

आता याचा ऑटोफोकसशी काय संबंध? डीएसएलआरमधला, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यातला, फोकस सेन्सर लेन्सच्या दोन विरुद्ध कडांकडून आलेले किरण पकडतो, त्या दोन प्रतिमा एकमेकींपासून किती सरकल्यात ते मोजतो आणि मोटरला सांगतो, इतकी फिर. भोक लहान झालं की या कडा जवळ येतात, सरकणं नीट मोजता येत नाही, आणि वर उजेडही कमी. सुरुवातीच्या पातळीवरच्या बऱ्याच बॉडींची, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यांची, फोकसची हमी एफ ५.६ पर्यंतच असते. ६.३ ला दिवसाउजेडी निभावून जातं. सांज झाली की लेन्स हंटिंग सुरू करते, पुढं जाते, मागं येते, नुसते हेलपाटे. कुणी म्हणतं, ॲपर्चर एफ ११ ठेवलं म्हणून फोकस अडलं. तसं नसतं हो. डीएसएलआर फोकस करताना ॲपर्चर पूर्ण उघडंच ठेवतो, फोटो निघतानाच ते मिटतं.

म्हणून राजहंसगडावर दुपारच्या उन्हात सुपरझूमसारखी सोय नाही. गोकाकलाही तसंच: १८ ला अख्खा धबधबा, २०० ला झुलत्या पुलावरची माणसं, लेन्स बदलायची भानगड नाही, तुषार कॅमेऱ्यात जात नाहीत. पण आपल्या बेळगावची शिवजयंतीची मिरवणूक घ्या. चित्ररथ रात्री निघतात, पहाटेपर्यंत चालतात. रथावर झगमगाट, बाजूला गच्च अंधार, आणि सगळं हलतंय. लांबून २०० ला नेम धरला की लेन्स गुरगुरते आणि मावळ्याची तलवार खाली आल्यावर फोकस लागतो. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, मावळ्याला थांबवत नाही. तिथं लांबचा नाद सोडा, ५० च्या आसपास या, रथाजवळ जा, मधला फोकस पॉइंट वापरा आणि अंगरख्याच्या काठासारखी ठळक रेघ पकडा. झूम कमी करून फोकस धरायचा आणि मग लांबवायचा, ही युक्ती मात्र चालत नाही. या लेन्स झूम फिरवला की फोकस हलवतात.

चोर्ला घाटाच्या धुक्यात अडलात तर लेन्सला बोल लावू नका. तिथं पकडायला रेघच नसते, लाखाची लेन्सही चाचपडते.

मोटरचं थोडक्यात सांगतो. निकॉन डी३५०० किंवा डी५६०० च्या बॉडीत फोकस मोटर नाही, त्यामुळे जुनी एएफ-डी लेन्स, जिच्यात स्वतःची मोटर नसते, लावली तर फोकस हातानंच. उलट नवी एएफ-पी लेन्स, जिच्यात स्वतःची मोटर असते, जुन्या डी९० वर फोकसच करत नाही. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये मोटर असतेच, तिथं ही डोकेदुखी नाही. पण मोटर असणं वेगळं आणि चपळ असणं वेगळं, हे दुकानातच बघा. स्वतःची बॉडी घेऊन जा. लेन्स शेवटपर्यंत लांबवा, आधी रस्त्यावरच्या पाटीवर फोकस करा, मग काउंटरखालच्या काळोखात. दुकानदार आधी पाटीच दाखवेल, तुम्ही काळोखाचा हट्ट धरा.

माझं मत विचाराल तर १८-४०० साठी थांबू नका. हलकी १८-२०० घ्या आणि उरलेल्या पैशांत ३५ किंवा ५० ची एफ १.८ लेन्स. ६.३ च्या मानानं तिच्यात बारापट उजेड येतो. झूम नाही, पायानं पुढंमागं व्हायचं. मिरवणूक, लग्नाचा हॉल, देवळाचा गाभारा तिच्यावर सोपवा.

सेकंडहँड घेणार असाल तर आणखी एक. सुपरझूमची नळी लांबते तेव्हा हवा आत ओढते, आणि कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसातली हवा म्हणजे निव्वळ ओल. काचांमध्ये बुरशी बसते. लेन्सची दोन्ही झाकणं काढा, मागून टॉर्च मारा आणि पुढून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर किंमत कितीही उतरवली तरी परत द्या. नळी खाली धरल्यावर आपोआप घसरत असेल तर तेवढ्यानं बिघडत नाही, वय झालंय इतकंच, भाव मात्र पाडून घ्या.