येताना धडधाकट होता ना?

मंडळी, समोर निम्म्याहून जास्त माजी सैनिक बसलेत, त्यामुळे 'बोर्ड आऊट' म्हणजे आजारपणामुळे लष्करातून बाहेर काढणं, एवढंच सांगून पुढे जाते. थेट 'नाना'वर (NANA) येते. आपल्याकडे नाना म्हटलं की घरातला थोरला माणूस. मेडिकल बोर्डाच्या, म्हणजे जवानाला तपासणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाच्या, कागदावर या अक्षरांचा अर्थ असा, की आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेने वाढलेलाही नाही. हा शेरा पडला की अपंगत्व पेन्शन अडकली.

माझ्या वडिलांच्या कागदावर तो पडला. भरतीला त्यांची छाती मोजली, फुगवून परत मोजली, डोळे, कान, तळपाय सगळं तपासलं. कुठे खोट निघाली नाही. सतरा वर्षं नोकरी, त्यातले तीन हिवाळे बर्फात. घरी आले ते रक्तदाबाची गोळी खिशात घेऊन. बोर्डाने लिहिलं, आजार 'पीस'मध्ये, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत ठाण्यावर, सुरू झाला, सबब सेवेशी संबंध नाही. एकच ओळ. ती मी इतक्यांदा वाचलीय की घडीवर कागद फाटला. आईने मागून चिकटपट्टी लावली. अहो, पीसमध्ये काय माणूस पाय पसरून बसतो? पहाटेची पीटी, रात्रीची गार्ड, रजेचा अर्ज दोनदा परत. आत्याच्या लग्नाला पोहोचले तेव्हा मांडव उतरवत होते. आणि बर्फात घालवलेले हिवाळे गाडीतून उतरताना मागे राहत नाहीत, अंगातच येतात. वडिलांनी अपील केलं नाही. म्हणाले, 'आजाराचे पैसे कसले मागायचे?' त्यांना ती भीक वाटली. मला आज तेवढंच खोडून काढायचंय.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. कायद्याचं भरभर सांगते.

2013 चा सर्वोच्च न्यायालयाचा धरमवीर सिंग निकाल लक्षात ठेवा. सिग्नल्समधला, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन दलातला जवान, नऊएक वर्षं नोकरी, फिट्स येतात म्हणून बाहेर काढलेला, अपंगत्व 20 टक्के. न्यायालय म्हणालं, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असंच धरायचं. पुढे आजारपणामुळे काढलं तर तब्येत सेवेमुळे ढासळली असं धरायचं. तसं नाही हे सिद्ध करायचं काम सरकारचं, जवानाचं नव्हे. बोर्डाने कारणं लिहिलीच पाहिजेत. प्रत्येक आजार सेवेमुळेच होतो असं माझंही म्हणणं नाही. पण नाकारताना कारण लिहा.

2014 चा राम अवतार निकाल पैशांचा. पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही टक्केवारी वर नेण्याचा लाभ मिळाला. 20 टक्के अपंगत्वाचे 50 धरले जातात. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के रक्कम, म्हणजे 20 टक्केवाल्याच्या हातात पगाराच्या 6 टक्क्यांऐवजी 15 टक्के येतात. 21 सप्टेंबर 2023 नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम लागू आहेत, त्यांनी आपलं प्रकरण वेगळं तपासून घ्यावं.

बाकीच्यांनी भरतीचा मेडिकलचा कागद आणि बोर्डाची पूर्ण कार्यवाही, दोन्हीच्या प्रती मागवा. आज ज्यांनी पिशवीतून कागद आणलेत त्यांनी थांबा, मी दाराजवळच्या टेबलाशी बसते.