६० शिलिंग आणि ७८ शिलिंग

मंडळी, कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत सल्लागार बँकर नेमकं काय करतो हे कळायचं असेल, तर सिगमंड वॉरबर्ग यांचं ब्रिटिश अ‍ॅल्युमिनियम प्रकरण बारकाईने पाहावं. १९०२ साली जर्मनीत बँकर घराण्यात जन्मलेले वॉरबर्ग नाझी सत्तेवर आल्यावर लंडनला आले. १९३४ साली त्यांनी न्यू ट्रेडिंग कंपनी काढली आणि १९४६मध्ये तिला एस. जी. वॉरबर्ग हे नाव मिळालं. लंडनच्या जुन्या बँकांच्या लेखी ते उपरेच राहिले.

आता १९५८ सालाकडे येऊ. ब्रिटिश अ‍ॅल्युमिनियमचे सुमारे ९० लाख शेअर्स लोकांच्या हातात होते. अमेरिकेच्या रेनॉल्ड्स मेटल्सला ती कंपनी हवी होती. वॉरबर्ग यांनी तीन कामं केली. बाजारातून रेनॉल्ड्ससाठी शेअर्स गुपचूप, थोडे थोडे उचलले. घाई केली असती तर भाव चढला असता. दुसरं, ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स या ब्रिटिश कंपनीला ५१ टक्के वाटा देऊन पुढे केलं, म्हणजे ‘परदेशी घेऊन चालले’ या आक्षेपाची धार गेली. तिसरं म्हणजे प्रस्तावाचा साचा: दर दोन शेअर्समागे ७८ शिलिंग रोख आणि ट्यूबचा एक शेअर. ट्यूबच्या तेव्हाच्या भावाने ब्रिटिश अ‍ॅल्युमिनियमच्या एका शेअरला जवळपास ७८ शिलिंग पडत होते. (२० शिलिंगांचा एक पौंड.)

ब्रिटिश अ‍ॅल्युमिनियमच्या संचालक मंडळाने काय केलं? अमेरिकेच्याच अल्कोआ या अ‍ॅल्युमिनियम कंपनीला ४५ लाख नवे शेअर्स ६० शिलिंगने द्यायचा करार भागधारकांना न विचारता करून टाकला. हिशोब करा. १ कोटी ३५ लाख पौंड कंपनीच्या तिजोरीत जाणार, अल्कोआला वाढीव भांडवलाचा एक तृतीयांश हिस्सा मिळणार आणि जुन्या भागधारकाच्या हातात एक शिलिंगही पडणार नाही. समोर ७८चा प्रस्ताव असताना ६०चा करार पटवून देणं अशक्यच होतं. माझ्या मते लढाई इथेच हरली गेली.

वर्षअखेरीस लंडनच्या मातब्बर संस्था मंडळाच्या मदतीला धावल्या. त्यांनी प्रत्येकाच्या निम्म्या शेअर्सना ८२ शिलिंग देऊ केले, अट अशी की उरलेले निम्मे मार्चअखेरपर्यंत विकायचे नाहीत. ८२ आकडा मोठा दिसतो खरा. पण त्या अवधीत भाव ६०वर आला तर सरासरी पडते ७१. असे अर्धवट प्रस्ताव वाचताना उरलेल्या हिश्श्याचं काय होणार, हा प्रश्न आधी विचारायचा असतो.

वॉरबर्ग यांनी प्रस्ताव वाढवला आणि खुल्या बाजारातूनही रोखीने खरेदी सुरू केली. बाजारातल्या विक्रेत्याला अटी नसतात, वाट पाहावी लागत नाही. जानेवारी १९५९च्या पूर्वार्धातच सुमारे ८० टक्के शेअर्स त्यांच्या पक्षाकडे आले.

त्यांच्या बँकेची शिस्तही लक्षात घ्या. ग्राहकाच्या भेटीला एकटा माणूस जात नसे. चर्चा कागदावर उतरे आणि सहकाऱ्यांना वाचायला जाई. कोणाला कोणता भाव कोणत्या अटीवर सांगितला, हे अशा व्यवहारात तोंडी राहिलं की घोळ होतोच.  

या लढाईनंतर नियमांची गरज सगळ्यांनाच पटली, आणि १९६८ साली लंडनमध्ये अशा खरेदी-विक्रीवर देखरेख करणारं टेकओव्हर पॅनल उभं राहिलं. याच पॅनलच्या देखरेखीखाली जानेवारी २००७मध्ये कोरस या ब्रिटिश-डच पोलाद कंपनीसाठी टाटा स्टील आणि ब्राझीलची पोलाद कंपनी सीएसएन यांच्यात लिलाव झाला. टाटांचा भाव ६०८ पेन्स होता, सीएसएनचा ६०३.

आपल्याकडे सेबीच्या २०११च्या नियमांनुसार कंपनीतल्या मतांचा आपला वाटा २५ टक्के किंवा त्याहून जास्त करणाऱ्याला किमान आणखी २६ टक्क्यांसाठी खुला प्रस्ताव द्यावा लागतो. तो चालू असताना संचालक मंडळ परस्पर नवे शेअर्स देऊ शकत नाही. त्यासाठी भागधारकांचा विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूने हवीत. अल्कोआशी झालेल्या करारासारखा करार मुंबईत अशा वेळी करायचा, तर ६० शिलिंगचं समर्थन आधी भागधारकांपुढे करावं लागेल.