आवक: डॉकपासून रॅकपर्यंत

(दृश्य: ट्रक मागे येत डॉकला लागतो.)

गाडी गोदामाच्या डॉकला, म्हणजे माल उतरवायच्या फलाटाला लागली की सगळ्यांनाच घाई असते. ड्रायव्हरला परत निघायचंय, मागे दुसरी गाडी ताटकळत उभी आहे आणि विक्रीवाल्यांचे फोन थांबत नाहीत. महिनाअखेरीला स्टॉक जुळत नाही, त्याचं मूळ बरेचदा याच घाईत सापडतं.

म्हणून आधी गाडीच्या दाराचं सील बघायचं. त्यावरचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळत नसेल, तर पहिल्यांदा फोटो काढायचा आणि मगच दार उघडायचं.

(दृश्य: पॅलेटवरचं लेबल, अगदी जवळून.)

कोणता माल कोणत्या पॅलेटवर आहे, याची आगाऊ सूचना पुरवठादाराने पाठवलेली असते. लेबलवरचा 18 अंकी क्रमांक स्कॅन केला, की सॉफ्टवेअर ते पॅलेट ओळखतं. खालच्या बारकोडमध्ये 01 या खुणेनंतर वस्तूचा 14 अंकी क्रमांक येतो, 10 नंतर बॅच आणि 17 नंतर एक्स्पायरी. 271130 म्हणजे 30 नोव्हेंबर 2027. हेच हाताने टाइप करायला बसलात, तर दिवस आणि महिना कधी उलटे पडतील, कळणारही नाही.

(दृश्य: स्कॅनरचा पडदा. 'मोजलेले नग' हा रकाना रिकामा.)

आता मोजणी. ऑर्डर किती नगांची होती, हे इथे मुद्दाम दाखवलेलं नाही. पडद्यावर 480 दिसत असेल, तर थकलेला माणूस खोक्यांकडे एक नजर टाकून 480 लिहून मोकळा होतो. आकडाच दिसत नसेल, तर मोजण्यावाचून गत्यंतर नाही. वेळ जास्त जातो, कुरकुर होते. पण या सगळ्या प्रणालीतली मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती हीच लपवाछपवी.

नग कमी भरले किंवा खोकं दबलेलं निघालं, तर ड्रायव्हरसमोरच पोचपावतीवर शेरा मारायचा आणि त्याची सही घ्यायची. गाडी गेल्यावर केलेल्या तक्रारीला फारसं वजन राहत नाही.

माल उतरला, जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, झालं, पण स्टॉकसमोर शिक्का पडतो 'होल्ड'. माल गोदामात आहे, हिशेबात आहे, तरी कुठल्याही ऑर्डरला लागू शकत नाही. विक्रीवाल्यांचा सगळा राग याच शब्दावर.

(दृश्य: तपासणीचं टेबल. एकजण कॅलिपरने माप घेतोय.)

अख्खा लॉट तपासणं बहुधा परवडत नाही. आयएसओ 2859-1 या नमुना-तपासणीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तक्त्यांत 1000 नगांच्या लॉटमधून, नेहमीच्या पातळीला, 80 नग काढतात. स्वीकार्य दर्जापातळी, म्हणजे सदोष नगांचं चालवून घेण्याजोगं प्रमाण, 1.0 टक्का ठरली असेल, तर 2 सदोष निघेपर्यंत लॉट पास. तिसरा निघाला की नापास. आणि हे 80 नग वरच्या, हाताला लागणाऱ्या खोक्यांतलेच असतील, तर त्या तपासणीला काही अर्थ नाही. कुठलं खोकं फोडायचं, ते सॉफ्टवेअरने सांगावं, माणसाने निवडू नये.

पास झालेल्या लॉटचा होल्ड सुटतो आणि स्कॅनरवर रॅकचा पत्ता येतो. नापास झालेला लॉट वेगळ्या जागी जातो आणि पुरवठादाराच्या खात्यावर नोंद पडते. लागोपाठच्या पाचांत दोन लॉट नापास झाले, की त्याची तपासणी कडक होते: नग तेच 80, पण आता दुसऱ्या सदोष नगालाच लॉट परत. ही सक्ती सुटायला सलग 5 लॉट पास व्हावे लागतात.