जुबिली: तेल वेळेवर आलं, गॅस मागे राहिला

[दृश्य: उघड्या समुद्रात लांबलचक जहाज. वरून चित्रण.]

घानाच्या पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे 60 किलोमीटर आत, हजार मीटरहून खोल पाण्यात जुबिली तेलक्षेत्र आहे. तेल 2007 मध्ये सापडलं आणि नोव्हेंबर 2010 अखेरीस वर आलंसुद्धा. खोल समुद्राच्या हिशेबात ही घाईच. ती जमली, कारण समुद्रात नवा प्लॅटफॉर्म बांधत बसण्याऐवजी एका तेलवाहू जहाजाचं रूपांतर केलं गेलं. जहाजाचं नाव ‘क्वामे एन्क्रुमा’. तेल, गॅस आणि पाणी इथेच वेगळं होतं. रोजची क्षमता 1 लाख 20 हजार बॅरल.

सुरुवातीला मात्र उत्पादन या आकड्याच्या बरंच खाली राहिलं. तेलाबरोबर वाहत आलेले बारीक कण विहिरीच्या तळाशी साचून वाट बुजवत होते. 2012 मध्ये विहिरींत आम्ल सोडून ती मोकळी केली, तेव्हा उत्पादन सावरलं.

[दृश्य: जहाजाची नाळ, खाली उतरणाऱ्या साखळ्या.]

आता जहाजाच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे बघा. इथल्या बुरुजासारख्या भागाला टरेट म्हणतात. तो साखळ्यांनी समुद्रतळाशी जखडलेला असतो आणि विहिरींचे पाइप त्यातूनच वर येतात. टरेट आणि जहाज यांच्यामध्ये प्रचंड मोठं बेअरिंग असतं. त्यामुळे टरेट जागेवर राहतो आणि जहाज वारा-प्रवाहाप्रमाणे त्याच्याभोवती फिरतं. फेब्रुवारी 2016 मध्ये हे बेअरिंग बिघडल्याचं लक्षात आलं. जहाज मोकळं फिरू देणं धोक्याचं झालं, म्हणून टगबोटींनी ते एका दिशेला धरून ठेवावं लागलं. तेल उतरवून घेण्याची पद्धत बदलावी लागली आणि उत्पादन काही आठवडे बंद राहिलं. पुढे जहाजाची मागची बाजूही नांगरून टाकली. फिरतं जहाज कायमचं स्थिर झालं.

तरीही जुबिलीची खरी अडचण गॅसची होती. तेलाबरोबर गॅस येतोच, त्याला थांब म्हणता येत नाही. किनाऱ्यावर अटुआबोचा प्रक्रिया प्रकल्प 2014 च्या अखेरीस चालू झाला. तोवर चार वर्षं गॅस मुख्यतः पुन्हा भूगर्भात ढकलला जात होता. थोडा ढकलला तर दाब टिकतो. अति झाला की तो तेलाच्या विहिरींपर्यंत पोचतो, प्रत्येक बॅरलमागे अधिकाधिक गॅस वर येऊ लागतो आणि जहाजावरचे कॉम्प्रेसर अपुरे पडतात. मग तेलच कमी काढावं लागतं.

याच काळात घाना विजेसाठी नायजेरियाच्या गॅसवर विसंबून होता. ऑगस्ट 2012 मध्ये टोगोजवळ एका जहाजाच्या नांगराने पश्चिम आफ्रिकी गॅसवाहिनी तुटली आणि अनेक महिने पुरवठा थांबला. लोडशेडिंगला घानात ‘दुमसोर’ म्हणतात. घरात दिवा नाही आणि आपलाच गॅस समुद्राखाली परत ढकलला जातोय, हे दुखणं मोठं होतं.

[दृश्य: नकाशा. टाकोराडी ते टेमा.]

2018 मध्ये घानाच्याच समुद्रातल्या सान्कोफा क्षेत्राचा गॅसही आला. करार असा, की घ्या अथवा नका घेऊ, ठरलेल्या प्रमाणाचे पैसे द्या. गॅस पश्चिमेला टाकोराडीकडे उतरतो, विजेची बरीच केंद्रं पूर्वेला टेमाला. मधली वाहिनी तीच, नायजेरियाकडून पश्चिमेकडे गॅस आणण्यासाठी बांधलेली. तिच्यातून उलट्या दिशेने गॅस नेण्याची सोय होईपर्यंत 2019 उजाडलं. तोवर न वापरलेल्या गॅसचं बिल घानाच्या माथी चढत राहिलं.