शून्य डॉलरला देणे आहे

[दृश्य: ड्रोन. तलाव, पाण्याच्या घसरगुंड्या, पिवळ्या सहामजली इमारती]

ऑरलँडो, फ्लोरिडा. डिस्नेपासून गाडीने फार तर वीस मिनिटं. खालच्या या इमारती हॉटेलसारख्या दिसतात, पण यांना मालक आहेत. दहा-वीस नव्हे, हजारो. याला टाइमशेअर म्हणतात. सुट्टीच्या जागेत छोटासा हिस्सा विकत घ्यायचा आणि दरवर्षी काही दिवस तिथे राहायचं. कुणी ओहायोचा, कुणी टेक्ससचा. आणि दोघं न्यू जर्सीतल्या एडिसनचे.

[दृश्य: एडिसन, ओक ट्री रोडवरची दुकानं. घर. अंगणात कुंडीतली तुळस. जेवणाच्या टेबलावर जाड फाईल]

दोघंही मूळचे पुण्याचे. काका औषध कंपनीतून निवृत्त झाले, काकू सार्वजनिक ग्रंथालयात होत्या. त्यांची नावं सांगायची नाहीत आणि कंपनीचंही नाव घ्यायचं नाही, या अटीवर ते बोलायला तयार झाले. फाईल मात्र त्यांनी आम्हाला हवी तेवढी चाळू दिली.

फाईल सुरू होते २००४ मध्ये. मुलांना डिस्ने दाखवायला गेले होते. पार्कची तिकिटं निम्म्या दरात मिळतील, सोबत नाश्ता मोफत, फक्त दीड तास माहिती ऐका, असं कुणीतरी लॉबीत सांगितलं. दीड तासाची दुपार झाली. बाहेर पडले तेव्हा हे दोघं दरवर्षीच्या १,०५,००० पॉइंट्सचे मालक झाले होते. विक्रीची ती खोली या व्हिडिओत दिसणार नाही. तिथे कॅमेरा नेऊ देत नाहीत.

फ्लोरिडाच्या कायद्यात असा करार दहा दिवसांत रद्द करता येतो, कारण न देता. ते कलम यांच्या कागदांतही छापलेलं आहे. पण सुट्टी संपवून, घरी येऊन, बॅगा रिकाम्या करून कागद वाचायला घेईपर्यंत दहा दिवस कुठे राहतात?

[दृश्य: फोटो अल्बम. काकू पानं उलटतात. दहा सेकंद निवेदन नाही]

पॉइंट्स म्हणजे काय, हे एकदा समजून घेऊ. अमेरिकेत टाइमशेअर आला तेव्हा आठवडा विकला जायचा. अमुक इमारत, अमुक खोली, वर्षातला तिसावा आठवडा तुमचा. दरवर्षी तिथेच, तेव्हाच. युरोपात मात्र १९६३ मध्ये स्थापन झालेल्या हापिमाग या स्विस कंपनीने भागधारकांना राहण्यासाठी पॉइंट्स द्यायची पद्धत पाडली होती. अमेरिकेत डिस्नेने १९९१ मध्ये आपला व्हेकेशन क्लब पॉइंट्सवरच काढला, आणि पुढे बाकीच्या मोठ्या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या.

[दृश्य: रंगीत पॉइंट्स तक्ता, जवळून]

हा तक्ता बघा. नाताळातल्या आठवड्याला, दोन बेडरूमच्या जागेला सगळ्यात जास्त पॉइंट्स. सप्टेंबरमध्ये, मुलं शाळेत असताना, छोट्या स्टुडिओला सगळ्यात कमी. तुमच्या खात्यात दरवर्षी ठरावीक पॉइंट्स जमा होतात, ते कुठे आणि कधी खर्च करायचे ते तुम्ही ठरवायचं. सोय होती, नाही कशाला म्हणा. फाईलमध्ये विल्यम्सबर्ग आहे, टेनेसीतले स्मोकी डोंगर आहेत, आई-बाबा भारतातून आले होते त्या वर्षीचं सॅन अँटोनियो आहे.

[दृश्य: डीडचा क्लोजअप. काकांचं बोट एका ओळीवर]

आता हा कागद. डीड. आपल्याकडचं खरेदीखत म्हणा. ऑरलँडो ज्यात येतं त्या ऑरेंज काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, दप्तरात याची नोंद आहे. यात खोली नंबर कुठेच नाही. आहे एक अपूर्णांक. वर १,०५,०००, खाली नऊ आकडी संख्या. त्या सगळ्या इमारतींच्या सामाईक मालकीतला एवढा हिस्सा यांचा. हिशोब केला तर एक अख्खी खोलीही वाट्याला यायची नाही, पण मालकी ती मालकी, आणि तिला शेवटची तारीख नाही.

सगळीकडे असं नसतं. डिस्नेच्या पहिल्या प्रकल्पाचे मूळ करार ३१ जानेवारी २०४२ ला संपतात, मालकाने काही केलं नाही तरी. भारतात अनेकांनी घेतलेली सदस्यत्वं २५ वर्षांची असतात. स्पेनमध्ये कायद्याने पन्नास वर्षांची मर्यादा घातली होती, आणि ती धुडकावणारे बेमुदत करार तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्दबातल धरले. काकांच्या डीडवर भिंग फिरवून झालं. मुदत नाही.

मालकीबरोबर मेंटेनन्स येतो. गेलात तरी भरा, नाही गेलात तरी भरा. छप्पर बदललं, विमा महागला, वादळ येऊन गेलं, की तो वाढतो. पॉइंट्स घेताना काढलेलं कर्ज त्यांनी केव्हाच फेडलं. मेंटेनन्स फिटत नाही.

[दृश्य: काका जिना उतरतात, कठडा धरून]

आता मुलं मोठी झाली. हे दोघं सहा महिने पुण्यात असतात, सहा महिने इथे. सिअ‍ॅटलच्या मुलाने स्पष्ट सांगितलं, मृत्युपत्रात बाकी काहीही लिहा, हे नको. वारसाला असा हिस्सा नाकारता येतो. साधारणपणे नऊ महिन्यांच्या आत, लेखी, आणि तोवर एकदाही तो न वापरता. "पण आम्ही गेल्यावर पोरांनी तेराव्याचं बघायचं की वकिलाचं?" असं काकू म्हणतात.

विकून बघितलं. गिऱ्हाईक नाही. असे पॉइंट्स ईबेवर एक डॉलरला पडलेले असतात, आणि त्या डॉलरलाही कुणी हात लावत नाही.

[दृश्य: टेबलावर पसरलेली पोस्टकार्डं, चकचकीत पाकिटं, "शेवटची सूचना" असं लाल अक्षरांत]

मग ही पत्रं. यातल्या प्रत्येकाला तुमची सुटका करायची आहे. आधी पैसे भरा, काही हजार डॉलर, आणि मेंटेनन्स भरणं बंद करा, बाकी आम्ही बघतो. २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, विस्कॉन्सिन राज्याबरोबर मिसुरीतल्या अशाच एका टोळक्यावर खटला भरला. मालकांकडून, त्यातही बहुतेक वयस्कांकडून, नऊ कोटी डॉलरहून जास्त उकळल्याचा आरोप होता. मेक्सिकोतला हलिस्को कार्टेल, म्हणजे अमली पदार्थांचे तेच व्यापारी, टाइमशेअर विकून देतो म्हणून अमेरिकी म्हाताऱ्यांना लुबाडतो, हे अमेरिकेच्या अर्थखात्याने २०२३ मध्ये निर्बंध लावताना उघड सांगितलं. यांना तुमचा पत्ता मिळतो कुठून? डीडची नोंद सार्वजनिक असते. कुणीही बघावी.

दान करायचाही विचार झाला. पण भलत्या फुगवलेल्या किमतीवर करसवलत मिळवून देणाऱ्या दानाच्या योजनेविरुद्ध अमेरिकी सरकार २०१५ मध्येच मोंटानात कोर्टात गेलं होतं. आणि दरवर्षी बिल आणणारं दान भल्या संस्थेला तरी कशाला हवं?

पहिला फोन करायचा तो खुद्द कंपनीलाच. बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी आता परत घेण्याची सोय ठेवली आहे. कर्ज शिल्लक नको, मेंटेनन्स थकलेला नको. काकांनी अर्ज केला. उत्तर आलं, घेतो, पण पुढच्या वर्षाचा मेंटेनन्स आधी भरा आणि त्या वर्षाचे पॉइंट्सही सोडा. घाईत असणाऱ्याने हे मुकाट्याने मान्य करावं, असं आमचं मत. काका भडकले. "पैसे मी भरायचे आणि खोली रिकामी ठेवायची? त्यापेक्षा कुणीतरी आपल्या पोरांना घेऊन तिथे राहायला जाईल."

[दृश्य: लॅपटॉप. काका दोन बोटांनी टाइप करतात. जाहिरात पडद्यावर]

ही त्यांची जाहिरात. "देणे आहे. किंमत शून्य. वर्षाला १,०५,००० पॉइंट्स, वर्ष जानेवारी ते डिसेंबर. चालू वर्षाचे वापरले आहेत, पुढच्या वर्षाचे सर्व शिल्लक. कर्ज नाही. मेंटेनन्स डिसेंबरअखेर भरलेला. डीडचा खर्च आमचा. कंपनीची ट्रान्सफर फी निम्मी तुमची."

बघायला साधी, पण प्रत्येक वाक्याला कारण आहे. पुढच्या वर्षाचे पॉइंट्स शाबूत आहेत, घेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून मिळणारी वस्तू तीच. मेंटेनन्सचा आकडा जाहिरातीखाली ठळक लिहिला, लपवला नाही. आणि निम्मी फी मुद्दाम मागितली. फुकट म्हटलं की रांग लागते, खिशात हात घालायची वेळ आली की रांगेतला खरा माणूस कळतो. नावापुरत्या कंपन्याही पुढे येतात, तुमच्याकडूनच पैसे घेऊन मालकी स्वतःवर घेतात आणि पुढे एक बिल भरत नाहीत. काकांनी अशा दोघांना वाटेला लावलं.

[दृश्य: व्हिडिओ कॉल. टँपातील नर्स, मागे दोन मुलं सोफ्यावर उड्या मारतायत]

घेणारी ही. टँपातल्या रुग्णालयात नर्स आहे, ऑरलँडो तिला गाडीने दीड तास. याच कंपनीचे थोडे पॉइंट्स तिच्याकडे आधीपासून आहेत. म्हणजे मेंटेनन्स काय असतो, तक्ता कसा वाचायचा, बुकिंग किती महिने आधी करावं लागतं, हे तिला शिकवावं लागलं नाही. देणाऱ्याच्या दृष्टीने ही सगळ्यात मोठी गोष्ट.

त्यानंतर कागद. आधी कंपनीकडून एस्टॉपेल लेटर मागवायचं. मालक कोण, पॉइंट्स किती, पुढचं बुकिंग आहे का, थकबाकी किती, हे कंपनी त्यात लिहून देते. ते घेणाऱ्याला दाखवायचं, तोंडी भरवसा नको. मग डीड तयार करणाऱ्याकडे जायचं. टाइमशेअरची डीड करून देणारे लोक फ्लोरिडात पुष्कळ आहेत, सुटकेची पत्रं पाठवणाऱ्यांच्या मानाने चिल्लर पैशांत करतात.

पहिल्या मसुद्यात गडबड निघाली. २००४ च्या डीडवर काकूंचं नाव पूर्ण होतं, मधलं नाव काकांचं, आपल्या पद्धतीप्रमाणे. ड्रायव्हिंग लायसन्सवर मधल्या नावाच्या जागी एक अक्षर. नोटरी ओळखपत्र बघतो, काउंटी जुनी नोंद बघते. मसुदा परत गेला आणि दोन्ही नावं 'उर्फ' घालून आली. मराठी घरात हे हमखास होणार, आधीच तपासून घ्या.

[दृश्य: ओक ट्री रोडवरचं कुरिअरचं दुकान. नोटरी, काका-काकू, दोन शेजारणी. शिक्का उमटतो]

सह्यांचा दिवस. फ्लोरिडातल्या डीडला देणाऱ्याची सही, दोन साक्षीदार आणि नोटरी लागतो. सही न्यू जर्सीत झाली म्हणून सूट नाही. बँकेतल्या नोटरीने साक्षीदार तुमचे तुम्ही आणा म्हटलं, म्हणून इथे आले. साक्षीदार शेजारच्या दोघी, एक गुजराती, एक तेलुगू. त्यांचे पत्तेही डीडवर लिहायचे. नवरा-बायको दोघांचं नाव असेल तर दोघांनी सही करायची, एकाने जाऊन भागत नाही. काकूंनी सही मराठीत केली होती २००४ मध्ये. आताही मराठीतच केली.

डीडवर किंमत लिहिली आहे दहा डॉलर. तो रिवाज आहे, दहा डॉलर कुणी कुणाला दिले नाहीत. त्यावर फ्लोरिडाचा मुद्रांक कर सत्तर सेंट. नोंदणी पहिल्या पानाला दहा डॉलर, पुढच्या प्रत्येक पानाला साडेआठ. तीन पानांचे सत्तावीस. सरकारी खर्च म्हणाल तर एवढाच.

[दृश्य: ऑरेंज काउंटी कम्प्ट्रोलरची वेबसाइट, शोधाच्या चौकटीत नाव, निकाल]

नोंद झाली की काउंटीच्या वेबसाइटवर दिसते, दस्ताच्या क्रमांकासह. पण थांबा. काउंटीत नाव बदललं म्हणजे कंपनीत बदललं असं नाही. नोंदलेल्या डीडची प्रत, ट्रान्सफर फी आणि घेणाऱ्याची सही असलेले अर्ज कंपनीच्या ट्रान्सफर खात्याला पाठवायचे, आणि तिथे खातं नव्या नावावर चढेपर्यंत बिल जुन्याच मालकाला. याला काही आठवडे जातात. अनेक जण इथे गाफील राहतात.

[दृश्य: टपालपेटी. पाकीट. काका उभ्यानेच फोडतात]

कंपनीचं पत्र आलं. खातं तिच्या नावावर झालं, काकूंनी त्याच दुपारी बँकेतलं ऑटो-पे बंद केलं. गेलेले पैसे गेले, आणि घरच्या वापराची वस्तू म्हणून आयकरात तोट्याची वजावटही नाही. काकांची एक एक्सेल शीट आहे, ती त्यांनी चित्रित करू दिली नाही.

[दृश्य: नर्सने पाठवलेला फोनवरचा व्हिडिओ. मुलं तलावात]

मार्चच्या शाळेच्या सुट्टीत तिला दोन बेडरूमची जागा मिळाली. इकडे एडिसनला बाकीची फाईल रद्दीत गेली. दोन कागद ठेवले आहेत, नोंदलेलं डीड आणि कंपनीचं पत्र. उद्या चुकून जुन्या नावावर बिल निघालं तर तेच पाठवायचे.