आधी ओढा, मग घर

पावसानं नुकतीच उघडीप दिली आहे. या उतारावर अजून एकही वीट लागलेली नाही. दोन माणसं गमबूट घालून चिखलातून चालताहेत. एकाच्या हातात नकाशा, दुसऱ्याच्या हातात खुंट्या आणि लाल फीत. पाणी कुठून येतं, कुठे रेंगाळतं, कुठे जिरतं, हे ते बघताहेत. उष्ण कटिबंधात वसाहत वसवायची, तर पहिली आखणी अशी भर पावसाळ्यातच व्हायला हवी.

कारण कोरड्या दिवसांत हा ओढा दिसतच नाही. दिसते ती नुसती घळ. मग तिच्यात भराव पडतो आणि भरावावर घरं उठतात.

जरा हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, की ते झालं १ लिटर पाणी. इथे एका दिवसात १०० मिलिमीटर पडणं काही नवलाचं नाही. म्हणजे एका हेक्टरवर १० लाख लिटर! झाडोऱ्याखालच्या भुसभुशीत मातीत त्यातलं पुष्कळसं मुरतं. काँक्रीटवरून मात्र जवळजवळ सगळंच खाली धावतं, खालच्या घरांच्या दारात. म्हणून ओढा पाइपात कोंडायचा नाही. तो उघडा ठेवायचा, काठची झुडपं राखायची आणि रस्ता उताराला आडवा, जमिनीच्या वळणानं न्यायचा. जिथे पाणी साचतं, तिथे मुलांचं मैदान करावं. चार दिवस तिथे तळं होईल, होऊ दे.

आता या उंबराजवळ या. खोडाचा व्यास ६० सेंटिमीटर. त्याच्याभोवती चुन्याची रेघ मारली आहे, पण ती किती लांबून गेली आहे बघा. साधा ठोकताळा आहे: खोडाच्या व्यासाच्या बारा पट अंतर सगळ्या बाजूंनी सोडायचं. इथे ते ७ मीटरच्या वर जातं. झाडाच्या बहुतेक मुळ्या वरच्या हात-दीड हात मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. त्यांच्यावरून खोदाईचं यंत्र चार वेळा फिरलं, तर माती दबते आणि मुळांना हवा मिळत नाही. बुंध्याशी भराव घातला तरी तेच.

वाईट याचं वाटतं, की झाड लगेच मरत नाही. एक-दोन पावसाळे ते हिरवं दिसतं. मग शेंड्याकडून वाळत येतं. तोवर बांधणारे निघून गेलेले असतात, आणि कागदावर ते झाड 'वाचवलेलं' असतं. त्याच्या बदल्यात दहा रोपं लावली, तरी आज अंगणात खेळणाऱ्या मुलांना तेवढी सावली मिळायला कित्येक वर्षं जातील.

झाडं आणि पाणी नकाशावर आलं, की घरांच्या जागा बऱ्याचशा आपोआप ठरतात. इथे सूर्य दुपारी डोक्यावर असतो. भिंती तापतात त्या सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हानं. म्हणून घराच्या लांब भिंतींची तोंडं उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे, आखूड भिंतींची पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे. छपराची वळचण चांगली पुढे काढलेली, म्हणजे पाऊस कोसळत असतानाही खिडकी उघडी राहते. तीव्र उतारावर जमीन कापण्यापेक्षा घर खांबांवर उचललेलं बरं.

श्रीलंकेचे वास्तुविशारद जेफ्री बावा यांनी कंदलामा इथे हे करून दाखवलं. ते हॉटेल आहे, वसाहत नव्हे. पण कड्याला बिलगून वळत जाणारी ती इमारत खांबांवर उभी आहे आणि तिथला कातळ थेट आत आला आहे. घरं बांधणाऱ्यानं ती एकदा तरी बघावी.

इकडे, उतारावर, लाल फीत उंबरापर्यंत पोहोचली आहे. एका घराचा कोपरा चुन्याच्या रेघेच्या आत येतो आहे. दोघं नकाशा पुन्हा उलगडतात, काहीतरी मोजतात. मग एकजण वाकून खुंटी उपटतो आणि दोन मीटर मागे नेऊन ठोकतो.